चुरस आणि न्याय

घोडपदेवपासून महालक्ष्मीचं रेसकोर्स काही फार लांब नाही. 1883 पासून तिथे घोडे धावताहेत. तिथे हँडिकॅप नावाचा शर्यतीचा एक प्रकार असतो. सरस घोड्यावर जादा वजन लादायचं, कमकुवताला हलकं ठेवायचं, म्हणजे शेवट अटीतटीचा होतो. इंडियन डर्बीत मात्र हे चालत नाही, तिथे सरसपणाला दंड नाही. एकाच मैदानावर दोन तत्त्वं नांदतात. एकाला चुरस हवी, दुसऱ्याला पारख.

फॉर्म्युला वनवर बोलताना आपण या दोन्हींची गल्लत करतो. भारतात तिच्या तीनच शर्यती झाल्या, 2011 ते 2013, ग्रेटर नोएडाला. तिन्ही जिंकल्या सेबास्टियन व्हेटेलने, रेड बुलच्या गाडीत. 2011 साली आपला नारायण कार्तिकेयन एचआरटी या गरीब संघातून सतरावा आला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात तर त्याची गाडी, सर्वांत वेगवान वेळेच्या 107 टक्क्यांत न बसल्यामुळे, शर्यतीला उभीच राहिली नाही. वर्षाअखेर तो संघच संपला. आता सांगा, यात पारख कोणाची झाली? माणसाची की तिजोरीची?

2021 पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर. शिवाय क्रमवारीत वर असलेल्याला वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या कमी, खालच्याला जास्त. हा एक प्रकारचा हँडिकॅपच. तरी 2023 मध्ये 22 पैकी 21 शर्यती रेड बुलने नेल्या. मर्यादा आजच्या खर्चाला घालता येते, काल साठवलेल्या ज्ञानाला नाही. ड्रायव्हरांचे पगार तर मर्यादेबाहेरच ठेवलेत.

2024 मध्ये सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या. लोक म्हणाले, चला, न्याय झाला. मी म्हणेन, चुरस आली, आणि तीही मला आवडली. पण न्यायाचा प्रश्न अलीकडचा आहे. त्या मोजक्या जागांपर्यंत पोचायला लहानपणी गो-कार्टिंगपासून जो खर्च येतो, तो कोणाचा बाप करू शकतो? आपल्या गल्लीतलं पोर कबड्डीच्या मैदानात उतरतं तेव्हा त्याला आधी गाडी विकत घ्यावी लागत नाही. वरच्या संघांना समान केलं तरी खालचं दार बंदच राहतं. माझी तक्रार त्या दाराबद्दल आहे.