सवड आणि निर्मिती

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांचे एक वाक्य ठरलेले आहे : ‘सवड असती, तर आम्हीही काही लिहिले असते.’ या वाक्याची पारख बा. सी. मर्ढेकरांच्या लेखनाशी ताडून करावी, असे आम्हांस वाटते. मर्ढेकर आकाशवाणीचे अधिकारी होते. वयाची सत्तेचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, १९५६ साली, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

‘शिशिरागम’ (१९३९) या त्यांच्या पहिल्या संग्रहावर बालकवी व माधव जूलियन यांच्या वळणाची छाया आहे. त्याच वळणाने लिहीत राहणे सोपे होते. परंतु ‘काही कविता’ (१९४७) मध्ये त्यांनी यंत्रयुगातील शहर आणि त्यात चिरडलेला माणूस संतांच्या अभंगाच्या चालीत आणला. त्यापायी अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. निर्मितिशक्ती जोपासणे म्हणजे केवळ फावल्या वेळात लिहिणे नव्हे. हातखंडा झालेली रीत मोडण्याचे धैर्य बाळगणे होय. कचेरीत वर्षानुवर्षे ठरीव मसुदे करणाऱ्यांस हे धैर्य अधिकच हवे.

शिवाय नोकरी त्यांना केवळ अडसर ठरली नाही. नभोवाणीला दृश्य नाही, ध्वनी तेवढा आहे. ही मर्यादाच साधन मानून त्यांनी ‘कर्ण’, ‘बदकांचे गुपित’ यांसारख्या संगीतिका लिहिल्या.

‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे त्यांनी कलाकृतीपुरती सांगितली. ती जीवनास लावणे कलेची स्वायत्तता मानणाऱ्या मर्ढेकरांना रुचले नसते, हे आम्ही जाणतो. त्यांच्या मीमांसेची ही मर्यादा आम्हांस खटकते. कारण त्यांच्या कवितेचा कस त्यांनी भोगलेल्या महानगरी जीवनातूनच आलेला आहे.

सर्वांनीच मर्ढेकर व्हावे, असा आमचा आग्रह नाही. कोणी ओवी रचावी, कोणी सतार छेडावी. पण ज्याच्या आयुष्यात स्वतः घडविलेले असे काहीच नाही, त्याच्या हाती निवृत्तीच्या दिवशी उरते ती केवळ बदल्यांची यादी. सवड कोणी देत नसते. ती आपली आपणच काढावी लागते.