मतदाराची प्रतिमा आणि 'राग दरबारी'

स्वातंत्र्योत्तर भारतीय कादंबरीत निवडणूक वारंवार येते. मतदार मात्र क्वचितच येतो. उमेदवार, त्याचे पाठीराखे, जातींची गणिते यांचे तपशीलवार चित्रण होते आणि ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो तो माणूस गर्दीत विरून जातो. मराठीत अरुण साधू यांच्या 'सिंहासन' (१९७७) मध्येही सत्तेचा खेळ प्रामुख्याने मंत्र्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या वर्तुळात चालतो. या अनुपस्थितीमुळे वाचकवर्गात एक समज दृढ होत गेला : मतदार निवड करीत नाही, ती त्याच्याकडून करवून घेतली जाते. या समजाला श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी' (१९६८) या हिंदी कादंबरीचा आधार नेहमी दिला जातो. तो आधार कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

शिवपालगंजचे वैद्यजी कॉलेज आणि सहकारी संस्था राखून आहेत. ग्रामपंचायतही त्यांना हवी आहे. स्वतः उभे न राहता ते आपल्या बैठकीतल्या सनीचर नावाच्या हरकाम्याला प्रधानपदासाठी पुढे करतात. निवडणूक जिंकण्याच्या तीन पद्धती लेखक शास्त्रीय विवेचनाच्या थाटात सांगतो आणि त्यांना गावांची नावे देतो. सनीचर त्यांपैकी महिपालपूरच्या पद्धतीने निवडून येतो. ही पद्धत घड्याळाची आहे : अधिकाऱ्याचे घड्याळ पुढे असले की मतदानाची वेळ लवकर संपते. वाचक मनमुराद हसतो आणि हसता हसता निष्कर्ष काढतो की, जसे मतदार तसा त्यांचा प्रधान.

परंतु प्रसंगाची रचना या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. मतदार पुरता विकला गेला असता किंवा जातीच्या दोरीने पुरता बांधला गेला असता, तर घड्याळाच्या काट्यांचा आधार घेण्याचे कारण उरले नसते. ज्याच्या मताची खात्री नसते त्याच्याचसाठी युक्ती योजावी लागते. सनीचरचा विजय मतदाराच्या मूर्खपणाचा पुरावा नसून त्याच्या निवडीविषयी सत्तेला वाटणाऱ्या धास्तीचा पुरावा आहे. मन्नू भंडारी यांच्या 'महाभोज' (१९७९) मध्ये हीच धास्ती अधिक उघडपणे दिसते. पोटनिवडणूक तोंडावर आली असताना बिसू या दलित तरुणाचा मृत्यू होतो आणि मुख्यमंत्री दा साहेबांना त्याच्या बापाच्या, हीराच्या, दाराशी जावे लागते. ही सहानुभूती ढोंगी आहे. पण ते ढोंग करणे भाग पडते, ते मताच्या बळामुळेच.

तरीही 'राग दरबारी'ला या गैरसमजातून पूर्णतः मुक्त करता येत नाही. शिवपालगंज वाचकाला मुख्यत्वे दिसते ते वैद्यजींचा भाचा रंगनाथ याच्या सोबतीने. तो शहरात शिकलेला, इतिहासाचा संशोधक आणि गावातला पाहुणा आहे. त्याला सारे कळते, पण त्याचे काही पणाला लागलेले नाही. मत देणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे त्यामुळे वाचकाला कळत नाही. उपरोध सत्ताधाऱ्यांना उघडे पाडतो. सामान्य माणसाला मात्र मुका ठेवतो. या मूकपणालाच अडाणीपणा समजण्याची चूक नागर वाचकाने केली.

कादंबरीनंतर नऊ वर्षांनी, १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत, उत्तर प्रदेशातील ८५ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही आणि रायबरेलीत इंदिरा गांधी पराभूत झाल्या. सक्तीच्या नसबंदीची झळ सोसलेल्या खेड्यांचा या निकालात मोठा वाटा होता. त्याच मतदारांनी १९८० मध्ये निराळा कौल दिला. हे दोन्ही कौल योग्य होते की नाही, यावर वाद होऊ शकेल. ते कोणी करवून घेतले, असे म्हणता येणार नाही.

कादंबरीच्या अखेरीस रंगनाथपुढे पलायनाचा मार्ग येतो. शिवपालगंजच्या मतदाराला तो नाही; वाईटातून कमी वाईट निवडत त्याला तिथेच राहायचे असते. त्याच्या निवडीवर हसण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतला, तर 'राग दरबारी'तील हास्य अधिक कडू आणि अधिक न्याय्य वाटेल.