उजवीकडचा रकाना

धातू आणि अधातू यांतील फरकाचा तक्ता आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फळ्यावर काढलेला आहे. धातूंना चकाकी असते, अधातूंना नसते. धातू वीज वाहून नेतात, अधातू नेत नाहीत. धातू ठोकले की पसरतात, अधातू पसरत नाहीत. उजवा रकाना नीट वाचला तर लक्षात येते की त्यात अधातूंविषयी फारसे काही सांगितलेलेच नाही. डावीकडच्या वाक्यांना 'नाही' जोडून तो भरला आहे.

मग अपवाद येतात. आयोडीनचे स्फटिक चकाकतात. हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली उष्णता वाहून नेतो. 'वितळणबिंदू कमी' हे गंधकाला (सुमारे ११५° से.) लागू पडते, पण बोरॉन २०००° से. ओलांडल्यावरच वितळतो.

एका शाळेत आम्ही पाहिले, मुलांनी पेन्सिलीतले शिसे परिपथात जोडले आणि बल्ब मिणमिणला. पुढे चाचणीत 'अधातू विजेचे दुर्वाहक असतात : चूक की बरोबर?' या प्रश्नाला एका मुलीने 'चूक' लिहिले. तिला शून्य गुण मिळाले.

अपवादांबद्दल आमची तक्रार नाही. ते तळटीपेत ढकलले जातात याबद्दल आहे. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही कार्बनच. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. ग्राफाइटमध्ये तिघांशीच, आणि प्रत्येक अणूचा उरलेला एक इलेक्ट्रॉन थरात हिंडायला मोकळा राहतो. तेव्हा वाहकता ही 'कार्बनची' म्हणण्यापेक्षा अणूंच्या मांडणीची म्हणावी. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो. तांबडा फॉस्फरस काडेपेटीच्या कडेला निमूटपणे बसलेला असतो.

रासायनिक गुणधर्म त्या मानाने भरवशाचे, आणि नेमके तेच तक्त्याच्या तळाशी दोन ओळींत उरकले जातात. अधातूंचा कल इलेक्ट्रॉन घेण्याकडे किंवा वाटून घेण्याकडे असतो, हे एक होकारार्थी विधान त्या रकान्यात सर्वांत वर हवे. चिमूटभर गंधक जाळा (खिडक्या उघड्या ठेवून, आणि धूर न हुंगता). ओला निळा लिटमस तांबडा होतो. मॅग्नेशियमची राख पाण्यात कालवली तर तांबडा लिटमस निळा होतो. हा प्रयोग तक्त्याच्या आधी व्हावा आणि रकाना मुलांनी भरावा.

'अधातूंची ऑक्साइडे आम्लधर्मी' असे कोणी लिहिलेच, तर त्याला कार्बन मोनॉक्साइडबद्दल विचारावे. आणि पाण्याबद्दलही; ते हायड्रोजन या अधातूचे ऑक्साइडच आहे.