शेरखानचा आवाज आणि चिऊताईचे दार

प्राणिकथेवरचा चित्रपट पाहून आलेल्या मोठ्या माणसाला तो कसा वाटला असे विचारले, की बहुधा एक ठरावीक उत्तर येते. ‘बरा आहे, पण मूळचं तसं नव्हतं.’ त्याच्या शेजारी बसून तोच चित्रपट पाहिलेले मूल असे काही म्हणत नाही. ते विचारते, ‘तो वाघ खरंच मेला का?’ किंवा ‘ती अस्वलाला फसवतात ते बरोबर आहे का?’ या दोन प्रतिक्रियांमध्ये मोठे अंतर आहे, आणि आपली समीक्षा बहुतेक वेळा पहिलीच प्रतिक्रिया विचारात घेते. प्रस्तुत लेखात मला दोन्ही तपासायच्या आहेत. त्यासाठी मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचे असलेले उदाहरण घेतो, ते ‘जंगल बुक’चे. निरीक्षणे बरीचशी धाटाव-रोहे परिसरातील आहेत. मी इथेच राहतो आणि ही पडद्यावरची जनावरे तीस वर्षे इथल्याच घरांत पाहत आलो आहे.

मूळ म्हणजे कोणते?

रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन झाले अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये, आणि कथा घडते मध्य प्रांतातल्या शिवनीच्या डोंगरांत, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला. प्राण्यांची नावे त्याने इथल्याच बोलीतून उचलली. भालूचा बलू झाला, बघेऱ्याचा बघीरा झाला, हत्ती तर हाथीच राहिला.

‘मूळचं तसं नव्हतं’ म्हणणाऱ्यांना मी गेल्या काही वर्षांत मुद्दाम विचारत आलो, की मूळ म्हणजे काय? पुस्तक वाचलेला माणूस क्वचित भेटला. बहुतेकांचे मूळ म्हणजे दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी लागणारी हिंदी मालिका. ही मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये तयार केलेली. तिचे ५२ भाग होते. हिंदीत आणताना तिला गुलजारांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत मिळाले. म्हणजे ज्याला आमची पिढी मूळ मानते ते इंग्रजी पुस्तकाचे जपानी रूपांतर आणि त्या रूपांतराचे हिंदी रूप. त्यातले कितीतरी प्रसंग किपलिंगने लिहिलेले नाहीत. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

यावरून माझे पहिले विधान असे, की प्रेक्षकाचे इमान संहितेशी नसते, ते पहिल्या ऐकण्याशी असते. जी गोष्ट ज्या रूपात प्रथम कानी पडली ते तिचे मूळ. पुढचे सगळे रूपांतर.

याचा पडताळा दुसरीकडेही येतो. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट १९७४ चा. दूरदर्शनवर तो इतक्यांदा दाखवला गेला, की चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही त्यातल्या चिमण्या आठवतात. जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांची ही कथा पंचतंत्रातली. तिथे ते कबुतर आहेत, त्यांचा राजा चित्रग्रीव आहे, आणि कथेचा भर हिरण्यक उंदराच्या मैत्रीवर आहे. चित्रपटात कबुतरांच्या चिमण्या झाल्या, राजा गेला आणि तात्पर्य राष्ट्रीय एकात्मतेचे झाले. हा काही लहान बदल नव्हे. पण चित्रग्रीवाची बाजू घेऊन कोणी भांडले नाही, कारण बहुतेकांनी ती गोष्ट आधी ऐकलीच नव्हती.

आवाज

२०१६ मध्ये डिस्नेचा, जॉन फॅवरोने दिग्दर्शित केलेला ‘द जंगल बुक’ आला. भारतात तो ८ एप्रिलला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला. कंपनीला इथला प्रेक्षक नीट कळला होता. हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकरांनी दिला, मालिकेत होता तोच. जाहिरातीसाठी गुलजार-भारद्वाज यांचे ते गीत नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. बलूला इरफान खान, बघीराला ओम पुरी, का या अजगराला प्रियांका चोप्रा. भारतात तोवर सर्वाधिक कमाई करणारा हॉलिवूडपट हाच ठरला.

त्या एप्रिलमध्ये धाटावहून पनवेलकडे सहकुटुंब चित्रपट पाहायला गेलेली माणसे मला माहीत आहेत. कारखान्यात पाळीला जाणारी, एरवी इंग्रजी चित्रपटाच्या वाटेला न जाणारी. मुलांच्या निमित्ताने गेली, पण परत आल्यावर बोलत होती ती शेरखानबद्दल. नाना पाटेकर मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्याचे. वाघ बोलतो तो ‘आपल्याकडचा’ आहे, ही गोष्ट प्रत्येकाने आवर्जून सांगितली. त्या आवाजातला थंड, शब्द तोडून बोलण्याचा ढंग त्यांना भिववत होता आणि सुखावतही होता.

मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी तो आवाज नवाच होता. त्यांना गंमत वाटली ती अजगराच्या नावाची. ‘का’ हे नाव मराठी कानाला प्रश्नासारखे ऐकू येते. ‘का आली.’ ‘का?’ ‘अगं, काच!’ असा खेळ आमच्या आळीत कितीतरी दिवस चालला. ही मौज ना किपलिंगला अभिप्रेत होती, ना डिस्नेला. ती मराठी मुलांनी स्वतः करून घेतली.

आणि इथेच मला एक गोष्ट खुपते. हा चित्रपट भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत लागला. मराठीत लागला नाही. आपल्याला हिंदी समजते, हे त्याचे व्यावहारिक उत्तर. ते खोटेही नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला हिंदी समजते याचा अर्थ त्याच्या भाषेत वाघ बोलतो असा होत नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली ती १८२८ मध्ये. छापील मराठी गद्य नुकते उभे राहत होते, तेव्हाच कोल्हे आणि कावळे मराठी बोलू लागले होते. जवळजवळ दोनशे वर्षांनी पडद्यावरचा वाघ आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या गळ्यातून बोलतो, आणि तरी मराठी बोलत नाही. या विसंगतीचे दुःख प्रेक्षकांनी व्यक्त केले नाही. ते त्यांच्या लक्षातही आले नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

भीती

त्याच चित्रपटाला सेन्सॉर मंडळाने ‘यूए’ प्रमाणपत्र दिले. थ्री-डीमधली जनावरे अंगावर आल्यासारखी वाटतात, मुले घाबरतील, असे कारण मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी दिले. त्यावर भरपूर हसून झाले. मुलांच्या पुस्तकावरचा चित्रपट मुलांनी पालकांसोबतच पाहायचा, हे अनेकांना हास्यास्पद वाटले.

मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत वाघ आहेच, आणि तो म्हातारीला खायलाच टपलेला आहे. ती गोष्ट आपण तीन वर्षांच्या मुलाला सांगतो. मूल घाबरते, पण भीतीची मात्रा सांगणाऱ्याच्या हातात असते. मुलाचा चेहरा पाहून आजी आवाज खाली आणते, वाघाला थोडा मूर्ख करते, भोपळा जरा लवकर पळवते. पडदा मुलाचा चेहरा पाहू शकत नाही. शेरखान ठरलेल्या क्षणी झेप घेतो, समोर चार वर्षांचे मूल असो की चाळीस वर्षांचा बाप. म्हणून ‘पालकांसोबत’ ही अट अडाणीपणाची नव्हती, तिचे कारण तेवढे चुकीचे सांगितले गेले. पालक शेजारी हवा तो डोळे झाकायला नव्हे. कथा सांगणाऱ्याची रिकामी झालेली जागा भरायला तो हवा. आमच्याकडच्या काही आया हे न सांगता करतात. त्या अंधारात मुलाच्या कानाशी सगळा वेळ पुटपुटत असतात. मागचा माणूस ‘शूऽऽ’ करतो. मी त्या आयांच्या बाजूचा आहे.

वगळलेले गाव

रूपांतराने काय घातले यावर प्रेक्षक बोलतो. काय गाळले यावर सहसा बोलत नाही. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात वानरांचा राजा लुई आला. किपलिंगच्या वानरांना राजाच नाही, आणि नसणे हाच तिथला मुद्दा आहे. पुस्तकातला ‘का’ मोगलीचा मित्र आहे, चित्रपटांत तो शत्रू झाला. हे बदल जाणकारांनी पुष्कळ नोंदवले आहेत. त्याहून मोठा बदल म्हणजे गाव गेले.

पुस्तकात मोगली गावात येतो, मसुआच्या घरी राहतो आणि गुराखी होतो. शेरखान मरतो तो म्हशी-रेड्यांच्या पायांखाली. मोगली कळपाचे दोन भाग करतो, दोन बाजूंनी घळीत घालतो आणि वाघ मध्ये सापडतो. पुढे गावकरी त्याच मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारतात. दुसऱ्या भागात हाथी आणि त्याची मुले त्या गावाची शेते तुडवतात आणि जंगल गाव गिळते. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात गाव उरते ते पाण्याला आलेल्या एका मुलीपुरते, आणि वाघ शेपटीला जळती फांदी बांधलेली घेऊन पळून जातो. २०१६ मध्ये गाव लांबून दिसते, तेही विस्तव चोरण्यापुरते. वाघ आगीत पडून मरतो.

म्हशींच्या पायांखाली वाघ मरतो, हा शेवट मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना तोंडी सांगून पाहिला आहे. चित्रपटातला अग्निप्रसंग त्यांना ‘सिनेमातला’ वाटला होता. हा शेवट ऐकताना मात्र ते पुढे सरकून बसले. रेडा वाघाला भारी पडू शकतो हे ज्याने गुरे राखली त्याला पटवावे लागत नाही. एकाने विचारले, ‘म्हशींना पाण्याला कुठे नेलं होतं?’ कथेवर इतका विश्वास ठेवणारा प्रश्न मी चित्रपटगृहाबाहेर कधी ऐकला नाही.

धाटावला या गाळलेल्या भागाचा वेगळा अर्थ लागतो. कुंडलिकेच्या काठची भातशेती जाऊन इथे रासायनिक कारखाने उभे राहिले. एका बाजूला वसाहतीच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला मुरूड-रोह्याच्या डोंगरातले फणसाड अभयारण्य. नवाबाच्या शिकारीचे हे रान १९८६ मध्ये संरक्षित झाले. तिथे बिबट्या आहे, सांबर आहे, शेकरू आहे. जंगल, गाव आणि कारखाना यांच्या सीमा सतत सरकत असतात, हे इथल्या मुलाला रोज दिसते. अशा मुलाला गाव वगळून निव्वळ जंगल दाखवणे म्हणजे त्याचा स्वतःचा भाग कापून टाकणे होय. अँडी सर्किसच्या २०१८ च्या ‘मोगली’त गाव परत आले, शिकारी आला, पेंढा भरलेले लांडग्याच्या पिल्लाचे डोके आले. तो पाहून पुष्कळांनी ‘फार काळा आहे, मुलांचा नाही’ असा अभिप्राय दिला. मुलांसाठी तो जड आहे, हे मला मान्य. पण त्यातले काळेपण बरेचसे पुस्तकातलेच आहे. ‘मूळचं तसं नव्हतं’ म्हणणारा प्रेक्षक इथे मुळाच्या जवळ गेलेल्या चित्रपटावरच नाराज झाला.

चिऊताईचे दार

शेवटी आपल्या घरची गोष्ट. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिऊच्या दाराशी येतो, आणि चिऊ बाळाच्या एकेक कामाचे निमित्त सांगून दार उघडायचे लांबवत राहते. काही घरांत ती गोष्ट कावळ्याला चटका बसण्यावर संपते. आता ही गोष्ट रंगीत कार्टून होऊन मोबाइलवर आली आहे. मी पाहिलेल्या काही आवृत्त्यांत चिऊ लगेच दार उघडते, दोघे मिळून जेवतात आणि मैत्रीचे तात्पर्य सांगितले जाते.

यावर आजीची प्रतिक्रिया ठरलेली, ‘गोष्टीची वाट लावली.’ आईची प्रतिक्रिया, ‘बरं झालं, मुलांना दुष्टपणा कशाला शिकवायचा?’ दोघींचेही मला पूर्ण पटत नाही. कारण जुनी गोष्ट ऐकलेले मूल हमखास विचारते, ‘पण चिऊताईने दार का नाही उघडलं? तो भिजत होता ना?’ हा प्रश्न त्या गोष्टीचे खरे फळ आहे. चिऊ शहाणी आहे की निष्ठुर, हे गोष्ट सांगत नाही. दार बंद राहते आणि मूल दोन्ही बाजूंना उभे राहून पाहते. नव्या आवृत्तीत दार पहिल्याच टकटकीला उघडते. त्यामुळे मुलाला विचारायला काही उरत नाही.

म्हणून रूपांतर जोखण्याची माझी कसोटी ‘मुळाशी इमान’ ही नाही. ते मूळ ज्याचे त्याचे निराळे असते, हे वर पाहिलेच. कसोटी ही, की पाहून झाल्यावर मूल कोणता प्रश्न विचारते. विजयाबाईंच्या चिमण्या या कसोटीला उतरतात, कारण अनेक म्हणजे काय, हे मूल त्यानंतर घरभर विचारत फिरते. २०१६ चा ‘जंगल बुक’ अर्धा उतरतो. वाघ मेला का, हे मूल विचारते, पण मोगली आता कुठला, रानाचा की गावाचा, हे विचारत नाही. तो प्रश्न पडावा असे गावच पडद्यावर नाही.

मोठ्या प्रेक्षकाची हुरहुर खोटी नाही, मात्र ती त्याच्या बालपणाबद्दल असते, चित्रपटाबद्दल कमी. बाजाराने ती ओळखली, तिचे तिकीट लावले आणि ते खपले. मुलांचे प्रश्न अजून कोणी विकत घेतलेले नाहीत. ते ऐकून, त्यांच्याच भाषेत बोलणारा एखादा वाघ, एखादा जंबूक मराठी पडद्यावर आणणे हे काम बाकी आहे, आणि ते करायला व्हरमाँटला जावे लागणार नाही.