पुन्हा पुन्हा सांगताना

‘पोकेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली. दहा वर्षांचा ॲश आणि त्याचा सोबती पिकाचू यांची गोष्ट २०२३ साली संपली, तोवर बाराशेहून अधिक भाग होऊन गेले होते. त्यानंतर मालिका नवी पात्रे घेऊन पुढे निघाली. इथे तिच्या कथेपेक्षा तीच ती माहिती पुन्हा सांगण्याची तिची रीत तपासायची आहे, कारण हे काम शिक्षकालाही रोज करावे लागते.

अशा मालिकेला दरवर्षी नवे बालप्रेक्षक मिळतात. पुनःप्रक्षेपणात सगळे भाग क्रमाने पाहायला मिळतीलच असे नाही. वर्गातही जूनमध्ये नवी मुले येतात, काहींचे मागचे धडे बुडालेले असतात. सर्व पुन्हा सांगावे तर जुने कंटाळतात. न सांगावे तर नवे मागे पडतात.

मालिकेतील पहिली युक्ती म्हणजे पोकेडेक्स. अनोळखी प्राणी दिसला की ॲश हे खिशात मावणारे यंत्र काढतो आणि ते दोन-तीन वाक्यांत माहिती देते. युक्ती सोयीची खरी, पण तिच्यासाठी नायकाला सतत अजाण राहावे लागते. २०१० साली सुरू झालेल्या पर्वात लेखकांनी त्याला उनोवा या नव्या प्रदेशात नेले. तिथले बहुतेक प्राणी त्यालाही अपरिचित असल्याने त्याचे कुतूहल खरे वाटते. मात्र याच पर्वात तो लढतीतही अनेकदा नवशिक्यासारखा वागतो. नव्या प्रेक्षकाची सोय अशी जुन्या प्रेक्षकाच्या विश्वासाला तडा देऊन झाली आहे.

दुसरी युक्ती अधिक चांगली आहे. जाहिरातींपूर्वी एखाद्या प्राण्याची नुसती काळी आकृती दाखवून ‘हा पोकेमॉन कोणता?’ असे विचारतात आणि उत्तर नंतर देतात. जुन्याला आठवावे लागते, नव्याला नाव कळते. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. उतारा वाचल्यानंतर पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा तो पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर आठवून लिहिलेले विद्यार्थी पुढे गेले. उजळणी सांगून करण्यापेक्षा विचारून का करावी, हे यावरून ध्यानात येईल.

खरा आक्षेप आहे तो पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या एका शब्दावर. सुरुवातीच्याच भागांत ॲश कॅटरपी नावाची अळी पकडतो. तिचा मेटापॉड हा कोश होतो आणि त्यातून बटरफ्री हे फुलपाखरू बाहेर पडते. मालिकेचे मूळ खेळ कल्पिणाऱ्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या निरीक्षणाची खूण इथे दिसते. पण या बदलाला इंग्रजी आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ आणि जपानीत ‘शिन्का’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा शास्त्रीय अर्थ उत्क्रांती असा आहे.

अळीचे फुलपाखरू होणे हे रूपांतरण आहे. जनुके तीच राहतात. त्यांतली कोणती केव्हा कार्यरत होतात, हे बदलते. उत्क्रांती ही समूहात, पिढ्यान्‌पिढ्या, आनुवंशिक गुणांच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाने घडते. एकटा प्राणी आपल्या आयुष्यात उत्क्रांत होत नाही.

ही तर कल्पित गोष्ट आहे, मग एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पिकाचूसारखा प्राणी वीज फेकतो ही कल्पना आहे, हे मुलाला कळते. ‘इव्होल्यूशन’ हा शब्द विज्ञानातून उसना घेऊन निराळ्या अर्थाने वापरला आहे, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नसतो. चुकीचा अर्थही सारखा कानावर पडला की ओळखीचा होतो, आणि ओळखीचे ते बरोबर वाटू लागते. उजळणीने बरोबर-चूक दोन्ही सारखेच पक्के होते.

म्हणून उत्क्रांतीचा धडा व्याख्येने सुरू करू नये. आधी विद्यार्थ्यांना विचारावे : ‘कॅटरपीचे बटरफ्री होते, ती उत्क्रांती आहे काय? नसेल, तर तिला उत्क्रांती म्हणण्यासाठी काय काय बदलावे लागेल?’ मालिका पाहिलेल्यांनी ती न पाहिलेल्यांना गोष्ट सांगावी आणि उत्तर सर्वांनी मिळून शोधावे. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा विचारताना मात्र उत्तरात पिढी, समूह आणि आनुवंशिक गुण हे शब्द योग्य जागी आले पाहिजेत, असा आग्रह धरावा.