सात वारांचे सात भाग

नाटक पाहायला आपण नाट्यगृहात जातो, चित्रपट पाहायला चित्रपटगृहात. दूरदर्शनवरची मालिका मात्र आपल्याच घरी येते, आणि तीही एकटी येत नाही. तिच्या आधी बातम्या होऊन गेलेल्या असतात, काल पाहिलेली दुसरीच एखादी मालिका मनात रेंगाळत असते, उद्या काय आहे त्याची उत्सुकता असते. घराला असतो तसा मालिकेलाही शेजार असतो. मालिकांवर लिहिणारे टीकाकार एकेक मालिका उचलून तपासतात. तिच्या शेजाराचा विचार सहसा कोणी करीत नाही. मला वाटते, दूरदर्शनच्या चांगल्या दिवसांचे निम्मे श्रेय या शेजाराला द्यायला हवे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावर 'साप्ताहिकी' नावाचा एक साधासुधा कार्यक्रम असे. येत्या आठवड्यात काय काय दाखविणार, एवढेच त्यात सांगत; पण घरोघर तो मोठ्या आस्थेने पाहिला जाई. यंदाच्या पावसाळ्यात मी घरच्या मंडळींसाठी अशीच एक साप्ताहिकी तयार केली. दूरदर्शनवर १९८४ नंतरच्या चार-पाच वर्षांत आलेल्या सात मालिका निवडल्या. त्या साऱ्या एकाच आठवड्यात कधी लागल्या नव्हत्या. त्यांना एका पंक्तीला बसविण्याचे काम माझे. नियम एकच : रोज एकच भाग, आणि तो सर्वांनी मिळून पाहायचा.

सोमवारी 'हम लोग'. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या आणि दीडशेहून अधिक भाग चाललेल्या या मालिकेपासूनच आपल्याकडे मालिकांचे युग सुरू झाले असे मानतात. दारूच्या आहारी गेलेले बसेसरराम, सोशिक भागवंती, बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे. नावांतही काटकसर करणारे हे कुटुंब. आज पाहताना नेपथ्य तोकडे वाटते, उपदेश अंमळ जास्त होतो. कुटुंबनियोजनासारख्या विषयांचा प्रचार हा या मालिकेचा एक हेतूच होता, आणि तो लपत नाही. पण शेवटी अशोककुमार येतात आणि घरातल्या वडीलधाऱ्याने पानसुपारी करता करता बोलावे तसे त्या भागाविषयी बोलतात, तेव्हा सगळा उपदेश पचून जातो. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीला माणसांची खरी ओढ होती, हे लल्लूच्या बढायांतूनही कळते.

मंगळवारी 'करमचंद'. पंकज पराशर यांची ही हेरकथा १९८५ सालची. काळा चष्मा, हातात गाजर, आणि सोबत भाबडी किटी. खून कोणी केला हे चतुर प्रेक्षकाला अर्ध्यातच समजते. रहस्याची वीण अगदी सैल आहे. पण पंकज कपूर गाजराचा तुकडा मोडून किटीला गप्प करतात त्या टायमिंगला तोड नाही. माझा कॉलेजात जाणारा नातू, जो आरंभी खुर्चीच्या काठावर बसून सुटकेची वाट पाहात होता, तो या भागानंतर नीट मांडी घालून बसू लागला.

बुधवारी 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचे दिग्दर्शन, आणि कर्नाटकातल्या आगुंब्याने घेतलेले मालगुडीचे सोंग. आम्ही पाहिला तो भाग 'हीरो' या कथेवरचा. अंगात धैर्य असले की पुरे, असे वडील म्हणतात, स्वामी ते नाकबूल करतो, आणि मग त्याला एकट्याने कचेरीच्या खोलीत निजावे लागते. रात्री भूत समजून तो ज्याचा पाय कडकडून चावतो तो निघतो चोर! सारा गाव त्याला शूर म्हणतो. स्वामी मात्र पुन्हा आजीच्या कुशीत शिरतो. मुलांसाठी तयार होणाऱ्या कथांत मूल बहुधा शेवटी शहाणे तरी होते किंवा शूर तरी. स्वामी काहीच होत नाही. तो होता तसाच राहतो, आणि म्हणून खरा वाटतो.

गुरुवारी 'वागले की दुनिया', १९८८. कुंदन शाह यांची ही मालिका आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतल्या सामान्य माणसावर बेतलेली. 'मालगुडी'च्या शीर्षकातली रेखाटनेही याच लक्ष्मणांची. म्हणजे बुधवारचे गाव धाकट्या भावाच्या रेषांनी सजविलेले आणि गुरुवारचा कारकून त्याच्याच डोक्यातून निघालेला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर या जोडीचा संसार पाहताना आमच्या सौ. दोनदा माझ्याकडे पाहून हसल्या. विनोदाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? या विनोदात कोणी कोणाचा पाणउतारा करीत नाही. हसू येते ते पगार आणि महिना यांच्यातल्या अंतराचे.

शुक्रवारी 'भारत एक खोज'. श्याम बेनेगल यांनी नेहरूंच्या ग्रंथावरून ५३ भागांत उभा केलेला हा इतिहास. आम्ही शिवाजी महाराजांवरचा भाग लावला. महाराज म्हटले की जुन्या मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी'तले चंद्रकांत येतात. येथे नसीरुद्दीन शाह आहेत, आणि समोर औरंगजेब म्हणून ओम पुरी. नसीरुद्दीन यांचे महाराज मला विचार करणारे वाटले. डोळ्यांत हिशेब चाललेला असावा असे. ते सर्वांनाच रुचेल असे नाही. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर त्यावरून चांगलीच जुंपली. पण इतिहासावरचा भाग पाहून घरात वाद व्हावा, हे त्या भागाचे यशच समजले पाहिजे.

शनिवारी 'तमस'. भीष्म साहनी यांची ही फाळणीची कथा गोविंद निहलानी यांनी पडद्यावर आणली आणि जानेवारी १९८८ मध्ये ती दाखविली गेली. ती थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास मोकळीक दिली, सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. आरंभी गरीब नत्थू एका झोपडीत रात्रभर डुकराशी झुंजतो. सलोतरी साहेबांसाठी डुक्कर हवे, असे त्याला सांगून पाच रुपये दिलेले असतात. पुढे ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि गाव पेटते. नत्थू झाले आहेत ओम पुरी : काल तख्तावर बसलेला बादशहा आज घामाने निथळत चिखलात. आणि ते पाच रुपये देणारा ठेकेदार? नातवाने त्याला ओळखले आणि तो एकदम म्हणाला, "आजोबा, हा तर करमचंद!"

माझ्या मते त्या आठवड्याचे सारे सार या एका उद्गारात होते. ज्या चेहऱ्याने मंगळवारी हसविले तोच शनिवारी अंगावर काटा आणतो. नटाची कला म्हणजे काय, हे अभिनयावरच्या दहा व्याख्यानांनी त्या मुलाला कळले नसते ते या दोन दिवसांच्या शेजाराने कळले. केवळ हेरकथाच पाहणाऱ्याला करमचंद दिसला असता, पंकज कपूर दिसले नसते.

रविवारी सकाळी, तिच्या मूळ वेळेलाच, 'रामायण'. रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखविली तेव्हाही लोक तितक्याच भाविकतेने पडद्यासमोर बसले. कलादृष्ट्या तीत दोष पुष्कळ आहेत. बाण हवेत भेटतात तेव्हा हसू येते. एक वाक्य झाले की सभेतल्या प्रत्येकाचा चेहरा दाखविल्याशिवाय दुसरे वाक्य येत नाही. पण हा वेग कीर्तनाचा आहे. ठाऊक असलेली कथा पुन्हा ऐकणाऱ्याला घाई नसते. आदल्या रात्री 'तमस' पाहून आमचे घर मुके झाले होते. सकाळी भरतभेट पाहताना सौ.नी डोळ्यांना पदर लावला. राज्य नको म्हणणारे दोन भाऊ पाहायला त्याहून योग्य सकाळ मिळाली नसती. एरवी मी या भागाला इतके गुण खचित दिले नसते.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण तेव्हा दुसरी वाहिनीच नव्हती. सरकार दाखवी ते पाहावे लागे, आणि त्यात कंटाळवाणेही बरेच असे. आक्षेप खरा आहे. ती मक्तेदारी परत यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु आजची अडचण उलटी आहे. आजचा पडदा आपल्या आवडीची नोंद ठेवतो आणि काल जे आवडले त्यासारखेच आज पुढे करतो. खुनाची कथा पाहणाऱ्याला खुनाच्याच कथा, सासू-सुनांची पाहणाऱ्याला त्यांच्याच. शिवाय चार माणसांच्या घरात चार पडदे. फराळाच्या ताटात नुसतेच बेसनाचे लाडू वाढावेत, असा हा प्रकार. लाडू उत्तमच असतात. पण त्यांची गोडी शेजारच्या चिवड्यामुळे टिकते, हे घरोघरच्या सुगरणींना सांगायला नको.

रुची अशी शेजाराने घडते. जे आपण होऊन निवडले नसते ते दुसऱ्याखातर पाहावे लागते, आणि त्यातूनच कधी तरी आपल्याला नवे काही आवडू लागते. दूरदर्शन हे काम आपल्यासाठी नाइलाजाने करून देई. आता ते घरातल्या मंडळींनी राजीखुषीने करायचे आहे. आमच्याकडे आता एक पद्धत पडली आहे : घरातल्या प्रत्येकाला आठवड्यातला एक वार मिळतो, त्या दिवशी त्याने निवडायचे आणि इतरांनी मुकाट्याने पाहायचे. गेल्या बुधवारी नातवाने कोरियन भाषेतली एक मालिका लावली. पहिला अर्धा तास मी खुर्चीच्या काठावर बसून होतो. पुढच्या बुधवारी काय होणार, हे मी त्याला आता रोज विचारतो आणि तो सांगत नाही.