येणारे बाण म्हणजे विश्वास?

पाण्याच्या कारभारावर नेटवर्क अ‍ॅनालिसिस करायचं ठरवलंत की एक पेपर तुमच्या टेबलावर येणारच: रामिरो बेरार्दो आणि जॉन शोल्झ, 'अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स', 2010. वाचाच, पण पेन्सिल घेऊन.

अमेरिकेतल्या 10 नदीमुखांच्या परिसरात काम करणाऱ्या संस्था भागीदार कसे निवडतात, हा प्रश्न. त्यासाठी 1999 आणि 2001 असे दोन सर्व्हे. गृहीतक देखणं आहे. समोरचा दगा देण्याची भीती कमी असेल, तर ज्याच्या ओळखी जास्त त्याला गाठायचं, कारण हवी असते माहिती. भीती वाढली की मित्राचा मित्र धरायचा, कारण तिथे फसवाफसवी लपत नाही. पहिलं 'ब्रिजिंग', दुसरं 'बाँडिंग'. निष्कर्ष असा की लोकप्रिय संस्थांकडे कल दिसतो.

दोनदा मोजमाप केलं, ही या कामाची मोठी जमेची बाजू. एकाच वेळच्या फोटोवरून आधी काय नि नंतर काय, हे कळत नाही. बरेच प्रबंध तिथेच अडकतात.

माझी अडचण 'लोकप्रिय' या शब्दाशी आहे. इथे लोकप्रिय म्हणजे ज्याच्याकडे येणारे बाण जास्त. पण बाण आवडीनं निघाला की नाइलाजानं, हे मॉडेलला कसं कळणार? आपल्याकडे 2005 च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं. अशा संस्थांच्या अध्यक्षांना विचारा, संपर्क कोणाशी? बहुतेक जण पाटबंधारे खात्याच्या साहेबांचं नाव घेतील. गेट त्यांच्या हातात आहे हो! सॉफ्टवेअर मात्र साहेबांना सहकार्याचा केंद्रबिंदू म्हणून मोठ्ठा ठिपका देईल. आणि टेलचा शेतकरी? तुमच्या यादीत त्याचं नावच नसेल, तर तो एकटा ठिपका म्हणूनसुद्धा उमटत नाही.

म्हणून 'कोणाशी सहकार्य करता?' हा एकच प्रश्न ठेवू नका. परवानगीसाठी कोणाकडे जावं लागतं, माहिती कोण देतं, पाणी आलं नाही तर पहिला फोन कोणाला, असे तीन वेगळे प्रश्न विचारा आणि तीन वेगळी जाळी काढा. प्रश्नावली लांबेल, लोक कंटाळतील, काही जण उत्तरं देणार नाहीत. नेटवर्कमध्ये एक माणूस गळला की त्याच्याकडून निघणारे सगळे बाण गळतात, त्यामुळे ही किंमत लहान नाही. तरी माझ्या मते ती मोजावी, आणि वेळ वाचवायचाच असेल तर गावांची संख्या कमी करावी.